नागावच्या बंगल्याचे पैसे: किती मागायचे, कुठे मागायचे

पत्र (थोडं संक्षिप्त करून)

आम्ही ठाण्यात राहतो. सासूबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त सगळ्या कुटुंबाने अलिबागजवळ नागावला दोन दिवस राहायचं ठरलं. बंगला शोधायचं काम माझ्याकडे आलं. एका मोठ्या बुकिंग साइटवर चार बेडरूम आणि स्विमिंग पूल असलेला बंगला मिळाला. २७ आणि २८ डिसेंबर, अशा दोन रात्रींचे ३६,००० रुपये मिस्टरांच्या क्रेडिट कार्डाने साइटवर भरले. आम्ही तेराजण होतो. मालक फोनवर म्हणाले, "साइटवर दहाच दाखवा, वरच्या तिघांचे माणशी दीड हजार रोजचे मला थेट पाठवा." ते ९,००० आणि डिपॉझिटचे १०,००० मी यूपीआयने पाठवले.

शनिवारी दुपारी पोचलो तर चौथ्या बेडरूमला कुलूप. केअरटेकर म्हणाला, "त्यात मालकांचं सामान असतं, ती देत नाही." पूलचं पाणी हिरवं होतं, मोटार बंद होती. संध्याकाळी मी मालकांना फोटो पाठवले. "उद्या सकाळी बघतो" एवढंच उत्तर आलं. रात्री पाचजण हॉलमध्ये झोपले, सासूबाईंना पहाटेपर्यंत झोप लागली नाही. रविवारी दुपारपर्यंत काहीच हललं नाही, म्हणून आम्ही दोनच्या सुमारास निघालो. अर्धे घरी गेले, उरलेल्यांनी अलिबागमध्ये लॉजवर ७,००० देऊन रात्र काढली. निघताना साफसफाईच्या बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लवकर आवरा, संध्याकाळी दुसरी पार्टी आहे."

आता मालक म्हणतात, तुम्ही स्वतःहून गेलात, पैसे परत नाहीत. डिपॉझिटमधून ६,००० कापले: टीपॉयच्या काचेचे ३,५००, जास्तीच्या साफसफाईचे १,५००, लेट चेक-आउटचे १,०००. काच आमच्या मुलांकडूनच तडकली, हे खरं आहे. साइटवर मी गुरुवारी तक्रार केली, त्यांनी "मुदत संपली" म्हणून ती बंद केली. मी रागाने मालकांना लिहिलं, की पैसे दिले नाहीत तर गूगल-फेसबुकवर सगळीकडे टाकेन. भाऊ म्हणतो, पोलिसात जा. मिस्टर म्हणतात, सोडून दे. जाऊबाई म्हणतात, "बघून बुक करायला हवं होतं." सगळे पंचावन्न हजार आणि मानसिक त्रासाची भरपाई मिळेल का?

(नाव छापू नये, ही विनंती.)

उत्तर

ताई, सगळे पंचावन्न हजार मिळणार नाहीत, आणि मागूही नका. पण सोडूनही देऊ नका. तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. फक्त आत्तापर्यंत तुम्ही मालकाशी बोललात ते सगळं रागाचं होतं, हिशेबाचं नव्हतं. असं भांडण शेवटी दोन गोष्टींवर सुटतं: जाहिरातीत काय देऊ केलं होतं आणि प्रत्यक्षात काय मिळालं. या दोहोंतला फरक रुपयांत मांडता आला, की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. "तुम्ही आमचा समारंभ खराब केलात" याला मात्र तो हवं तेवढं उलट बोलू शकतो.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. साफसफाईच्या बाई म्हणाल्या, संध्याकाळी दुसरी पार्टी आहे. आता ती मालकाच्या वजावटीच्या यादीशेजारी ठेवून वाचा. रविवारी दुपारी निघाल्याबद्दल त्याने लेट चेक-आउटचे हजार रुपये लावलेत. तुमचं बुकिंग सोमवार सकाळपर्यंत होतं. बुकिंग चालू असताना चेक-आउटला उशीर होईलच कसा? म्हणजे त्याच्या लेखी तुमचा मुक्काम रविवारीच संपला होता. मग रविवारच्या रात्रीचे पैसे त्याने कशाचे ठेवलेत? आणि त्या रात्री बंगला खरोखर दुसऱ्याला दिला असेल, तर एकाच रात्रीचं भाडं त्याने दोघांकडून घेतलं. बाईंच्या एका वाक्यावरून आपण हे सिद्ध करू शकत नाही, म्हणून त्याच्यावर आरोप करायचा नाही. प्रश्न विचारायचा, तोही लेखी: "२८ तारखेच्या रात्री बंगला दुसऱ्या कोणाला दिला होता का?" या प्रश्नाचं उत्तर त्याने टाळलं तरी ते टाळणं तुमच्याकडे लेखी राहतं. त्या बाईंचं नाव मात्र कुठेही घेऊ नका. त्यांचं काम जाईल.

आता हिशेब. दुसऱ्या रात्रीचे १८,००० आणि तिघांचे ४,५०० असे २२,५०० पूर्ण मागा. पहिली रात्र तुम्ही तिथे काढलीत, त्यामुळे ती सगळी परत मागणं न्यायाचं नाही. पण चारपैकी एक खोली मिळाली नाही, म्हणून १८,००० चा चौथा हिस्सा, ४,५०० आणि पूलसाठी दीड हजार धरा. हे झाले ६,०००. पूलचा आकडा मी मुद्दाम कमी धरला आहे. हिवाळ्यात तेराजणांपैकी किती पाण्यात उतरले असते, हा प्रश्न समोरचा विचारणारच. डिपॉझिटमधले साफसफाईचे आणि लेट चेक-आउटचे मिळून २,५०० मागा. एकूण ३१,०००.

काचेचे पैसे द्या. तुम्ही ते खरं सांगितलंत, आणि तक्रारीतही तसंच लिहा. फक्त बिल मागा. टीपॉयची काच किती लांबीरुंदीची, किती जाडीची आणि कोणत्या दुकानातून बसवली, हे बिलावर दिसेल. साडेतीन हजारांचं बिल आलं तर साडेतीन हजार, बाराशेचं आलं तर बाराशे. आपलं जे चुकलं ते तुम्ही आधीच कबूल केलंत, तर बाकीच्या मागणीवर विश्वास बसायला मदत होते. तक्रारींचा निवाडा करणारी माणसं रोज दोन्हीकडची अतिशयोक्ती वाचत असतात. सरळ लिहिलेला कागद त्यांना लगेच ओळखू येतो.

लॉजचे ७,००० या मागणीत धरू नका. दुसऱ्या रात्रीचं भाडं परत मागितलं, की त्या रात्रीचा लॉजचा खर्च तुमचा. दोन्ही मागितलंत तर ती रात्र फुकट मागितल्यासारखं होतं. लॉज बंगल्यापेक्षा महाग पडला असता, तर वरचा फरक मागता आला असता. तरीही पावती जपून ठेवा. त्या रात्री तुम्ही खरोखर दुसरीकडे राहिलात आणि तुम्हाला राहायची गरज होती, याचा तो पुरावा आहे.

"तुम्ही स्वतःहून गेलात" हा मालकाचा एकमेव खरा मुद्दा. त्याचं उत्तर तुमच्या फोनमध्ये आहे. शनिवारी संध्याकाळी तुम्ही फोटोसकट कळवलंत, त्याने "उद्या सकाळी बघतो" म्हटलं, तुम्ही रविवारी दुपारपर्यंत थांबलात. म्हणजे त्याला दुरुस्तीची संधी मिळाली होती. तुम्ही शनिवारी रात्रीच तणतणत बाहेर पडला असतात, तर तुमची बाजू लंगडी झाली असती. ती अख्खी रात्र तुम्ही निमूटपणे काढलीत, तीच आता उपयोगाला येईल.

म्हणून आज, हे वाचून झाल्यावर, एवढं करा. साइटवरच्या त्या बंगल्याच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या: "चार बेडरूम", पूलचे फोटो, सोयींची यादी, घराचे नियम, रद्द करण्याच्या अटी. मालक हे पान कधीही बदलू शकतो. बुकिंगची ईमेल वेगळी साठवा. कुलपाचे आणि पाण्याचे फोटो ज्या फोनने काढले, त्यातल्या मूळ फाइली ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोत तारीख-वेळेची मूळ माहिती राहत नाही. मालकाबरोबरचं चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि त्यातला एकही मेसेज पुसू नका, स्वतःचा रागाचासुद्धा. बँकेच्या स्टेटमेंटवर यूपीआयच्या दोन्ही व्यवहारांचे यूटीआर नंबर, म्हणजे त्या-त्या व्यवहाराचे क्रमांक, असतील, ते लिहून काढा.

मग मालकाला एक मेसेज. साइटच्या चॅटमधून पाठवा, तोच व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पत्ता माहीत असेल तर स्पीड पोस्टानेही. साधारण असा:

"नमस्कार. २७ व २८ डिसेंबरसाठी आपला चार बेडरूमचा, पूल असलेला बंगला आम्ही घेतला होता. प्रत्यक्षात तीन बेडरूम मिळाल्या आणि पूल बंद होता. हे २७ तारखेला संध्याकाळी फोटोसह आपल्याला कळवलं. २८ तारखेला दुपारपर्यंत सोय न झाल्याने आम्हाला निघावं लागलं. दुसऱ्या रात्रीचे २२,५००, पहिल्या रात्रीच्या कमी सोयींबद्दल ६,००० आणि डिपॉझिटमधून कापलेले २,५०० असे ३१,००० रुपये १५ दिवसांत परत करावेत. टीपॉयच्या काचेचं बिल पाठवावं, खरी किंमत आम्ही देऊ. २८ तारखेच्या रात्री बंगला दुसऱ्या पाहुण्यांना दिला होता का, हेही कळवावं. गूगल-फेसबुकबद्दलचा माझा मेसेज मी मागे घेत आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. "पैसे द्या नाहीतर वाईट रिव्ह्यू टाकेन" ही भाषा बुकिंग साइटच्या नियमांत बसत नाही, आणि मालक तोच स्क्रीनशॉट दाखवून तुम्हालाच दोषी ठरवू शकतो. रिव्ह्यू लिहायचा तुमचा हक्क शाबूत आहे, फक्त तो पैशाला बांधू नका. लिहाल तेव्हा घडलं तेवढंच लिहा: तीनच खोल्या मिळाल्या, पूल बंद होता, डिपॉझिटमधून एवढे कापले. "चोर", "फसवे लोक" असे शब्द टाळा. मालकाचं घर-गाव काढून लिहिलेल्या शिवीगाळीतून बदनामीची उलटी तक्रार उभी राहू शकते, आणि मग मूळ विषय बाजूलाच पडतो.

साइटचं काय? मुदतीचा नियम खरा आहे. उदाहरणार्थ, एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवायचं असतं. तुमचे पाच दिवस गेले. पण "मुदत संपली" असं कस्टमर केअरच्या माणसाने लिहिलं, म्हणून विषय संपला असं नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात ती निकाली काढायची असते. त्या अधिकाऱ्याला लिहा. मालकाला तुम्ही पहिल्याच संध्याकाळी कळवलं होतं, हा मुद्दा सगळ्यात वर ठेवा. त्याच पत्रात मालकाचं पूर्ण नाव आणि पत्ता मागा. सेवा घेतलेल्या ग्राहकाने लेखी मागितल्यावर साइटने ही माहिती द्यायची असते. पुढे गरज लागेल.

क्रेडिट कार्डाच्या बँकेलाही याच आठवड्यात लिहा. "सेवा वर्णनाप्रमाणे मिळाली नाही" या कारणाने चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत, मागता येतो. कार्ड कंपन्यांची मुदत साधारण १२० दिवसांची असते, बँका अनेकदा त्याआधीच कळवा म्हणतात. कार्ड मिस्टरांच्या नावावर आहे, त्यामुळे अर्ज त्यांनाच करावा लागेल. "सोडून दे" म्हणणाऱ्या माणसाला एवढं एक काम सांगा. सगळे ३६,००० वादात टाकू नका, त्यातले न मिळालेल्या सेवेचे २४,००० टाका: दुसरी रात्र १८,००० आणि पहिल्या रात्रीचे ६,०००.

यूपीआयने दिलेले १९,००० हा तुमच्या प्रकरणातला कमकुवत धागा आहे, हे स्पष्ट सांगते. साइटबाहेर दिलेल्या पैशाला साइट हात लावत नाही, आणि एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयने पाठवलेल्या पैशाला कार्डासारखा चार्जबॅक मिळत नाही. तिथली तक्रार पैसे अडकले किंवा चुकीच्या खात्यात गेले, अशांसाठी असते. "दहाच दाखवा" ही सूचना मालकाची होती, पण मान्य तुम्ही केलीत. ते लपवायला जाऊ नका, आहे तसं सांगा. कोकणातले कितीतरी बंगलेवाले साइटचं कमिशन वाचवायला असं सुचवतात, आणि भिडेखातर आपण हो म्हणतो. डिपॉझिट तर शक्यतो साइटमधूनच द्यावं. नाहीच जमलं, तर पैसे पाठवताना त्या मेसेजमध्ये "डिपॉझिट, परतीच्या बोलीवर" एवढं लिहावं. मात्र ग्राहक आयोगासमोर हे १९,००० ही मांडता येतात. तिथे प्रश्न एवढाच असतो, की पैसे या सेवेसाठी दिले गेले की नाही, आणि ते तुमचं स्टेटमेंट सांगतं.

पंधरा दिवसांत काही झालं नाही, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. मराठीत बोलता येतं. ते कंपनीकडे तक्रार पाठवतात, आणि बऱ्याच साइट्स या टप्प्यावर मऊ होतात. तरीही अडलं, तर जिल्हा ग्राहक आयोग. इथे लोक उगीच घाबरतात, म्हणून सविस्तर सांगते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करायची मुभा दिली आहे. म्हणजे मालक नागावचा असला, तरी तुम्हाला अलिबागला खेपा घालायच्या नाहीत, ठाण्यातच तक्रार होईल. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ती घरबसल्या दाखल करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावायची सक्ती नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. मालक आणि साइट, दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा. चॅट आणि फोटोंसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (हा पुरावा कोणत्या उपकरणातून, कसा घेतला हे सांगणारं) जोडलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्यावर हरकत घ्यायला फारशी जागा राहत नाही. मसुदा करायला मदत हवी असेल, तर मुंबई ग्राहक पंचायतीच्या मार्गदर्शन केंद्राकडे जा. त्यांना असली प्रकरणं तोंडपाठ आहेत.

मानसिक त्रासाची भरपाई मागायची जागाही आयोगच. तिथे ती जरूर मागा, तक्रारीच्या खर्चासकट. आयोग ती देतातही, पण रक्कम माफक असते. मालकाला लिहिलेल्या मेसेजमध्ये मात्र ती घालू नका. कायद्याने निकाल तीन महिन्यांत अपेक्षित असला, तरी प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. म्हणून मनाशी एक आकडा ठरवून ठेवा. मी तुमच्या जागी असते, तर २५,००० वर मिटवलं असतं, म्हणजे दुसरी रात्र आणि डिपॉझिट. पहिल्या रात्रीचे सहा हजार हे तडजोडीत सोडायचे पैसे आहेत.

भावाला सांगा, की पोलिसांचं यात काम नाही. बंगला होता, चावी मिळाली, तुम्ही राहिलात. हा सेवेतल्या त्रुटीचा वाद आहे. पैसे भरून गेल्यावर त्या पत्त्यावर असा बंगलाच नाही असं कळलं असतं, तर तो सायबर गुन्हा, आणि मग एक मिनिटही न दवडता १९३० ला फोन करायचा. अलिबाग-लोणावळ्याच्या नावाने खोट्या जाहिराती फिरतात, त्यामुळे हा फरक इतर वाचकांनीही लक्षात ठेवावा.

आता जाऊबाई. तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्र वाचून मला शंका आली, की सगळ्यांचे पैसे तुम्ही खिशातून भरून द्यायच्या विचारात आहात. तसं अजिबात करू नका. जाहिरातीत चार बेडरूम लिहिलेल्या होत्या, दाराला कुलूप असेल हे ठाण्यात बसून कोणालाच दिसलं नसतं. तेरा माणसांची सोय करायची, फोन करायचे, पैसे गोळा करायचे, हे सगळं काम एकीने करायचं आणि दोषही तिनेच घ्यायचा, हे बरोबर नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर आजच हिशेब टाका: कोणी किती दिले, मालकाकडे किती मागतो आहोत, आले की कसे वाटले जातील. आणि जाऊबाईंनाच विचारा, "शनिवारचे फोटो तुमच्याही फोनमध्ये असतील ना, मूळ फाइली मला पाठवाल का?" टोमणा म्हणून नव्हे. त्यांचे फोटो खरंच हवेत. दुसऱ्या फोनमधले, त्याच वेळेचे फोटो पुरावा पक्का करतात, आणि एकदा हात लागला की त्याही या कामात तुमच्या बाजूला येतील. सासूबाईंना यातलं काही रोज सांगत बसू नका. आपल्या वाढदिवसामुळे घरात वाद झाला, हे त्यांना लागेल.

एक शक्यता राहिली. मालक मेसेज वाचून फोन करेल आणि म्हणेल, "ताई, पैशाचं सोडा, पावसाळ्यात दोन रात्री माझ्याकडून फुकट राहा." त्याच्या दृष्टीने हे सोपं आहे, पावसाळ्यात मधल्या वारी बंगले रिकामेच असतात. फोनवर हो म्हणू नका. "मला लिहून पाठवा, घरच्यांना विचारते" म्हणा. तेराजणांच्या वतीने तुम्ही एकट्या ते ठरवू शकत नाही, आणि ज्या घरात रात्र जागून काढली तिथे कोणाला पुन्हा जायचं नसेल, तर पैसेच मागा. घ्यायचंच ठरलं, तर चारही बेडरूम, तारखा आणि डिपॉझिटचे २,५०० हे सगळं साइटच्या चॅटमध्ये लिहून घ्या. आणि पैसे घ्यायचे ठरले, तर ते खात्यात जमा झाल्यावरच "आमची तक्रार मिटली" असं लिहून द्या, आधी नाही.